मऊ समुद्री मातीची खरी ताकद किती? अहवालात चार आकडे, चौघांची चार दिशांना तोंडं

नवाकोरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

भू-तांत्रिक कामात येऊन सात महिने झालेत. चार मीटर उंचीचा भराव टाकायचाय. खाली १६ मीटर जाडीची मऊ समुद्री चिकणमाती, तिच्या वर-खाली वाळू. पाण्याचं प्रमाण ७५ टक्के, लिक्विड लिमिट (माती पातळ होऊन वाहू लागते ते पाण्याचं प्रमाण) ८५, प्लास्टिसिटी इंडेक्स (पाण्याच्या किती पट्ट्यात माती मळता येते ते) ५८. आठ मीटर खोलीवरच्या मातीबद्दल अहवालात हे आकडे आहेत:

जागेवरची व्हेन शिअर (जमिनीत पातं फिरवून मोजलेली कातर-ताकद): १७ केपीए (किलोपास्कल). प्रयोगशाळेतली, पाणी निघू न देता नमुना दाबून मोडायची यूयू ट्रायअ‍ॅक्शियल: ९ केपीए, फाय (घर्षणाचा कोन) शून्य. पाण्याचा दाब मोजत केलेली सीयू (आधी पाणी निघू देऊन, मग झडप बंद करून मोडायची चाचणी): सी-डॅश (चिकटपणा) शून्य, फाय-डॅश (पाण्याचा दाब वजा करून आलेला घर्षणाचा कोन) २६ अंश. आणि शेवटी शिफारस: १२ केपीए घ्या. हा १२ कुठून आला ते लिहिलेलं नाही.

एकाच मातीला फाय शून्यही आणि २६ही कसा? आणि १७, १२, ९ यातलं काय धरू? वरिष्ठ म्हणाले, सगळ्यात लहान घे आणि पुढे चल. पण मन मानत नाही.

भरावसम्राट

९ घे, शांत झोप. वीस वर्षं हेच करतोय, एकही भराव बसला नाही.

गाळातले_पाय

@भरावसम्राट, बसले नसतील, पण त्यात ९ चं श्रेय किती आणि नशिबाचं किती ते बघू. :)

आधी फायचा गुंता सोडवू. या मातीचं घर्षण २६ अंशाचंच आहे, ते कुठेही गेलेलं नाही. यूयू चाचणीत नमुना पाण्याने गच्च भरलेला आणि झडप बंद असते. सेल प्रेशर (नमुन्याभोवतीचा दाब) ५० चं १०० केलंत, १५० केलंत, तरी आतलं पाणी दबत नाही आणि बाहेरही जाऊ शकत नाही. म्हणून वाढवलेला सगळा दाब पाणीच अंगावर घेतं. कणांना पत्ताही लागत नाही की बाहेर काही वाढलंय. ते एकमेकांवर आधी जितक्या जोराने टेकले होते तितक्याच जोराने टेकलेले राहतात आणि घर्षणही तितकंच मिळतं. तिन्ही नमुने एकाच ताकदीला मोडतात, तिन्ही मोहर वर्तुळं (नमुना मोडतानाचे दाब दाखवणारी आलेखावरची वर्तुळं) सारख्या आकाराची येतात, त्यांच्या माथ्यावरून जाणारी रेघ आडवी. फाय शून्य म्हणतात ते एवढंच.

एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की कणांच्या वाट्याला काय आलं ते कळतं, तो परिणामी दाब. मृदा-यांत्रिकीचा पाया घालणाऱ्या तेर्झागींनी १९२० च्या दशकात मांडलेली ही वजाबाकी, आणि आपला सगळा धंदा त्यावर उभा आहे. सीयू चाचणीत ती वजाबाकी केली, म्हणून २६ दिसला.

भराव भरभर टाकणार असाल तर पाण्याला निघायला वेळ नाही, तेव्हा फाय शून्यचा हिशोब. काही दशकांनी पाण्याचा जादा दाब विरला की फाय-डॅशचा. मऊ मातीवरच्या भरावाला धोका पहिल्या दिवसांत असतो, पुढे ती घट्ट होत जाते. (खोदकामाचं बरोबर उलट आहे, पण त्याला वेगळा धागा लागेल.)

वाटसरू

मी अभियंता नाही, उगाच कुतूहल म्हणून वाचतोय. वाळूतून पाणी झटकन निघतं, मग या मातीतून का नाही? तिच्यात तर पाणी जास्त आहे म्हणताय.

गाळातले_पाय

चांगला प्रश्न. पाणी खूप आहे, वाटा मात्र अतिसूक्ष्म आहेत. अशा मातीची झिरपक्षमता सेकंदाला एक मीटरचा अब्जावा भाग इतकीच असू शकते. म्हणजे पाण्याची पातळी दर मीटरला एक मीटर घसरत असली तरी वर्षभरात पाणी जेमतेम तीन सेंटीमीटर सरकेल.

त्यात गंमत अशी की वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. पाण्याला जायचं अंतर दुप्पट तर वेळ चौपट. धागाकर्त्याच्या १६ मीटर थरात पाणी वर-खाली दोन्हीकडून निघू शकतं, म्हणजे लांबात लांब वाट आठ मीटर. कन्सॉलिडेशनचा (पाणी निघून माती दबण्याचा) गुणांक वर्षाला १ चौरस मीटर धरला, जो अशा मातीला अगदी शक्य आहे, तर ९० टक्के पाणी-दाब विरायला ०.८४८ गुणिले ६४, म्हणजे ५४ वर्षं.

वाटसरू

बाप रे! म्हणजे भराव टाकणारा निवृत्त होऊन वर वीस वर्षं.

मृण्मयी

छान धागा. गाळातले_पाय यांच्याशी सहमत, पण अर्धीच गोष्ट झाली. वरून टाकलेलं वजन पाण्यावर जातं हे खरं, पण नुसतं कातरल्यानेही पाण्याचा दाब वाढतो, आणि मऊ मातीच्या दुबळेपणाचं मूळ तिथे आहे.

ही माती खाऱ्या पाण्यात सावकाश बसलेली. मिठामुळे चिकणमातीचे पापुद्रे एकमेकांना टोकाला, बाजूला असे वेडेवाकडे चिकटतात आणि सैल, पोकळ रचना तयार होते. घनफळाचा दोन तृतीयांश भाग पोकळीच. ती कातरायला लागलात की कण एकमेकांच्या पोकळीत घसरू बघतात, माती आकसू पाहते. पण पाणी बाहेर गेल्याशिवाय आकसणार कशी? मग आकसायची ओढ पाण्याच्या दाबात बदलते. कणांमधली पकड सुटत जाते, आणि फाय-डॅश २६ असूनही हाताशी लागतं ते उभ्या परिणामी दाबाच्या पाचव्या हिश्श्याएवढं.

केंब्रिजमध्ये रॉस्को, स्कोफील्ड आणि रॉथ यांनी १९५८ मध्ये हेच चौकटीत बसवलं. कितीही कातरा, शेवटी माती अशा अवस्थेला येते जिथे ती आकसतही नाही, फुगतही नाही, नुसती वाहत राहते. त्या क्रिटिकल स्टेटला कोणत्या दाबाखाली पोचायचं हे पोकळीचं प्रमाण ठरवतं. झडप बंद असताना पोकळी बदलत नाही, म्हणून शेवटची ताकदही आधीच ठरलेली. यूयूचे तीन नमुने एकाच आकड्याला का मोडतात, त्याचं हे दुसरं उत्तर.

आता १७, १२, ९. आठ मीटरवर परिणामी दाब काढू. पाणी ७५ टक्के म्हणजे बुडालेलं वजन घनमीटरला साधारण ५.५ किलोन्यूटन, गुणिले ८, म्हणजे ४४ केपीए. @नवाकोरा, कन्सॉलिडेशन चाचणीत प्रीकन्सॉलिडेशन प्रेशर किती आलं होतं?

नवाकोरा

ताई, आत्ता बघितलं. ५७.

मृण्मयी

मग झालंच की. ही माती पूर्वी ५७ पर्यंत दाबली गेल्यासारखी वागते. तसं प्रत्यक्ष वजन कधी आलंच असेल असं नाही, वयानेही माती एवढी घट्ट होते. भू-तांत्रिक संशोधक मेस्री यांचा १९७५ चा ठोकताळा: भरावाखाली प्रत्यक्ष हाताशी लागणारी ताकद ही प्रीकन्सॉलिडेशन प्रेशरच्या ०.२२ पट. ५७ गुणिले ०.२२, साडेबारा. अहवालातला १२ आभाळातून पडलेला नाही, लिहिणाऱ्याने हिशोब दाखवायचा आळस केला.

व्हेनच्या १७ ला बेरुमचा गुणक लावा. बेरुम नॉर्वेच्या भू-तांत्रिक संस्थेचे प्रमुख होते. व्हेनच्या आकड्यांनुसार जे भराव सुरक्षित ठरत होते तेच प्रत्यक्षात कोसळलेले त्यांनी तपासले आणि १९७२ मध्ये दुरुस्ती सुचवली: प्लास्टिसिटी जितकी जास्त तितकी व्हेन जास्त फुगवून सांगते. इंडेक्स २० ला गुणक १ च्या आसपास, ५८ ला साधारण ०.७५. १७ गुणिले ०.७५ म्हणजे पावणेतेरा.

दोन वेगळ्या वाटांनी साडेबारा आणि पावणेतेरा. राहिला फक्त तुमच्या वरिष्ठांचा लाडका ९.

भरावसम्राट

व्हेन फुगवून सांगते ते का पण? पातं तेच, माती तीच.

मृण्मयी

बराचसा दोष घाईचा. व्हेन मिनिटाला सहा अंश वगैरे फिरते, दोनेक मिनिटांत माती मोडते. भराव मातीला दोन आठवडे राबवतो. दोन मिनिटं ते दोन आठवडे म्हणजे दहा हजार पट, दहाच्या चार पायऱ्या. चिकणमाती दर दहापट वेगाला साधारण १० टक्के जास्त जोर दाखवते. १.१ ने चारदा भागा, ०.६८ येतं. बेरुमच्या गुणकात दिशेचाही हिशोब मिसळलेला आहे, त्यामुळे तंतोतंत जुळायची अपेक्षा ठेवू नका, पण घराणं कळलं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे क्रीप. ताकदीच्या जवळ जाणारा भार टाकून नुसतं थांबलात तरी माती सरकत राहते. काही दिवस वेग मंदावतो, मग एके दिवशी उलटा वाढायला लागतो. तिथून पुढे पळायचं.

तिरपी_रेघ

दिशेचा विषय निघालाच आहे तर. घसरणीचं वर्तुळ डोळ्यांपुढे आणा. भरावाच्या पोटाखाली माती उभी दाबली जाते, मध्ये आडवी कातरली जाते आणि पायथ्याशी खालून वर रेटली जाते. एकच माती या तीन ठिकाणी तीन आकडे देते: उभ्या दाबात सगळ्यात जास्त, आडव्या कातरणीत मधला, वरच्या रेट्यात सगळ्यात कमी. कमी प्लास्टिसिटीच्या मातीत हा फरक दुपटीपर्यंत जातो, तुमच्या ५८ वाल्यात कमी. यूयू चाचणी फक्त पहिली, सगळ्यात चांगली बाजू दाखवते.

आता ९ ची कुंडली मांडा. चाचणी घाईची, म्हणून आकडा वाढला. दिशा सोयीची, म्हणून आणखी वाढला. तरीही ९ च! म्हणजे तिसरं काहीतरी आकड्याला जबर खाली ओढतंय, आणि ते म्हणजे नमुन्याचे हाल. नळी ठोकताना, उपसताना, गाडीतून नेताना, ढकलून बाहेर काढताना ती पोकळ रचना विस्कटते. भरावसम्राटांचा ९ म्हणजे दोन चुका वर आणि एक चूक खाली. नेहमी सुरक्षित बाजूलाच पडेल याची हमी कोण देणार? दुसऱ्या जागी नळी जरा बरी निघाली की हीच चाचणी १५ दाखवेल, आणि तेव्हाही तुम्ही शांतच झोपणार.

@नवाकोरा, यूयूचे आलेख बघ. चांगला नमुना एक-दोन टक्के विकृतीतच माथा गाठतो आणि मग उतरतो. विस्कटलेला नमुना पंधरा टक्क्यांपर्यंत नुसता चढत राहतो, माथाच नाही.

भरावसम्राट

बरं बरं. ९ मागे घेतो. वीस वर्षं मागे घेत नाही.

नवाकोरा

आलेख बघितले. तिन्ही शेवटपर्यंत चढतायत. :(

हिमनग

अवांतर वाटेल, पण रचना विस्कटण्यावरून आठवलं. नॉर्वेतलं रिसा, एप्रिल १९७८. एका शेतावर गोठ्यासाठी खोदलेली थोडीशी माती तळ्याच्या काठावर टाकली, काठ ढासळला आणि तिथून मागे मागे खात पन्नास लाख घनमीटरहून जास्त जमीन तळ्यात वाहून गेली. लोकांनी चित्रित केलंय, घरं पाण्यावरच्या होड्यांसारखी तरंगत जाताना दिसतात.

तीही समुद्रात बसलेली माती. हिमनद्यांचा भार गेल्यावर जमीन उचलली, माती पाण्याबाहेर आली आणि हजारो वर्षं गोड्या पाण्याने तिच्यातलं मीठ धुऊन नेलं. रचना तशीच उभी, पण तिला जोडून ठेवणारं मीठ गेलेलं. न हलवता ठीकठाक ताकद, एकदा घोटली की पातळ पाणी. रोझेनक्विस्ट यांनी १९५० च्या दशकात हे मिठाचं कोडं उलगडलं. प्रयोगशाळेत त्या पातळ झालेल्या मातीत चिमूटभर मीठ घालून ढवळतात आणि ती डोळ्यांदेखत पुन्हा घट्ट होते. बघण्यासारखा प्रकार आहे.

नवाकोरा

@हिमनग, घाबरवलंत. आमच्या मातीचंही असं होईल?

हिमनग

घोटलेल्या मातीची व्हेन चाचणी केली असेल तर तिचा आकडा बघा. मूळ ताकद भागिले घोटल्यानंतरची ताकद म्हणजे सेन्सिटिव्हिटी. ३० च्या वर गेली तर नॉर्वेवाली भीती.

नवाकोरा

घोटल्यावर ४.२. म्हणजे १७ भागिले ४.२, चार.

हिमनग

मग निश्चिंत. तुमचं मीठ जागेवर आहे. तरी जड यंत्रं वर नाचवू नका, चारपट कमी म्हणजे काही थोडं नाही.

गाळातले_पाय

धागा भलताच रंगला. आता मूळ कामाकडे: चार मीटर चढवता येईल का?

ढोबळ हिशोब: मऊ मातीची वहनक्षमता ५.१४ गुणिले ताकद. ५.१४ गुणिले १२, भागिले भरावाचं वजन १८, म्हणजे ३.४ मीटरला माती हात टेकते. सुरक्षा गुणक १.३ धरला तर २.६. तेव्हा आधी दोन मीटर टाका आणि थांबा. दोन मीटर म्हणजे ३६ केपीए. ८० टक्के कन्सॉलिडेशन होऊ द्या, आठ मीटरवर परिणामी दाब ४४ अधिक २९, म्हणजे ७३ होतो. गुणिले ०.२२, ताकद १६. तेवढ्यावर साडेतीन मीटर चढतो. पुन्हा थांबा, मग चार.

एक सापळा आहे. बरेच जण वाढलेल्या दाबाला सरळ ०.२२ ने गुणतात, २९ वर साडेसहा केपीए वाढ दाखवतात आणि मूळ १२ मध्ये मिळवून टाकतात. पण ४४ ते ५७ हा टप्पा मातीने आधीच पचवलेला आहे, त्यावर नवी ताकद जवळपास मिळत नाही. खरी वाढ ५७ च्या पुढची. साडेतीन मिळेल, साडेसहा नाही.

आणि ५४ वर्षं थांबायची गरज नाही. १.२ मीटर अंतरावर पट्टीचे उभे निचरे घातले की पाण्याला आठ मीटरऐवजी अर्धा-पाऊण मीटरच जायचं, शिवाय आडवं, जिकडे झिरप थोडी बरी असते. सहा महिने ते वर्षभरात टप्पा उरकतो.

तिरपी_रेघ

गाळातले_पाय, तुमच्यासारख्याने ही चूक करावी? १२ हा आठ मीटरवरचा आकडा. तीन मीटरवर परिणामी दाब साडेसोळा, प्रीकन्सॉलिडेशन त्याच प्रमाणात धरलं तर साडेएकवीस, ताकद ४.७. त्यावर ५.१४ चा हिशोब लावा: १.३ मीटरला हात टेकते! दोन मीटरचा पहिलाच टप्पा वरच्या थरातून उथळ वर्तुळाने निघून जाईल.

गाळातले_पाय

कान पकडतो. ऊन-वाऱ्याने वर वाळलेला कडक पापुद्रा असतो हे डोक्यात धरून बोललो. पाण्याखालच्या मातीवर तो नसतो. @नवाकोरा, पापुद्रा आहे का?

नवाकोरा

नाही. वरची वाळू अर्धा मीटर, मग थेट मऊ.

तिरपी_रेघ

मग पापुद्र्याचा आधार नाही. तरी १.३ हा जरा कंजूषच आकडा म्हणायचा, कारण खोलीबरोबर ताकद वाढत जाते आणि वर्तुळ सगळं तीन मीटरवरच राहत नाही. पण पहिला टप्पा मीटरभराचाच ठेव, खाली जिओटेक्स्टाइल (मजबूत कृत्रिम कापड) घाल, बाजूला रुंद कमी उंचीचे आधार-भराव घे. आणि एका गुणाकारावर विसंबू नकोस. दर मीटरला वेगळी ताकद देऊन स्लिप सर्कल (घसरणीच्या वर्तुळाचा हिशोब) चालव.

शिवाय भराव चढताना हिशोबापेक्षा मोजमापं खरी. पाणी बाहेर न जाता माती कातरते तेव्हा घनफळ बदलत नाही: मधोमध जेवढी खाली बसेल तेवढी बाजूला फुगेल. कन्सॉलिडेशन चालू असताना मात्र ती मुख्यतः खालीच बसते. मोजलेल्या भरावांवर असं दिसलंय की थांब्याच्या काळात बाजूचं सरकणं बसण्याच्या साधारण सहाव्या भागाएवढं असतं, आणि माती यील्ड झाल्यावर (कायमची विकृत व्हायला लागल्यावर) भराव चढवताना ते जवळपास बसण्याइतकंच होतं. पायथ्याशी इन्क्लिनोमीटर (बाजूचं सरकणं मोजायला), मध्ये सेटलमेंट प्लेट (बसणं मोजायला), दोन्हींची वाढ शेजारी शेजारी मांड. बाजूची रेघ उभी व्हायला लागली की भराव थांबव, कुणाचाही फोन आला तरी.

भरावसम्राट

हे शेवटचं वाक्य सोन्याने लिहून ठेवा. एका कामावर फोन आला होता आणि थांबवलं नव्हतं. पायथ्याशी जमीन दीड हात वर आली होती. भराव "बसला नाही" म्हणालो ते खरं, तो बसला नाही, बाजूला गेला.

वाटसरू

मग वर्षभराने सगळं पाणी निघालं की झालं ना? नंतर बसणं बंद?

मृण्मयी

बंद नाही, मंद. दाब विरल्यावरही रचना सावकाश आवळत राहते. मेस्रींनीच दाखवलंय की या मागाहूनच्या बसण्याचा गुणांक हा मूळ दबण्याच्या गुणांकाच्या साधारण ४ टक्के असतो. तो काळाच्या लॉगवर चालतो: पहिल्या ते दहाव्या वर्षात जितकं, दहाव्या ते शंभराव्यात तितकंच. आणि निचरे पोचले नाहीत त्या खोल थरांचं काय? जपानचा कान्साई विमानतळ १९९४ साली सुरू झाला. वरच्या मऊ थरात वाळूचे निचरे होते, तो वेळेत दबून मोकळा झाला. त्याखालचे जुने, जाड थर आजही दबतायत.

नवाकोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. वरिष्ठांना १२ चा हिशोब दाखवला. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "हे अहवालात का नव्हतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिरपी_रेघ यांनी निरोपातून एक युक्ती सांगितली होती, तीही केली: कन्सॉलिडेशन चाचणीत नमुना परत जागेवरच्या दाबाला, म्हणजे ४४ ला आणताना पोकळी किती कमी झाली ते मूळ पोकळीने भागायचं. ०.०४ च्या आत उत्तम, ०.०७ च्या वर वाईट. माझं ०.११ आलं. मग शंका आली, की ५७ सुद्धा याच विस्कटलेल्या नळीतून आलाय ना? तो तरी खरा कशावरून?

मृण्मयी

शाब्बास. ही शंका तुम्ही काढाल याचीच वाट बघत होते. विस्कटलेला नमुना प्रीकन्सॉलिडेशन कमीच दाखवतो, त्यामुळे खरं ५७ च्या थोडं वर असायची शक्यता जास्त. व्हेनचा पावणेतेरा साडेबाराच्या जरा वरच आहे, तोही त्याच बाजूला बोट दाखवतो. तूर्त १२ धरा. पुढच्या बोअरहोलला पातळ पत्र्याची नळी आणि पिस्टन सॅम्पलर मागा, ढकलायची, ठोकायची नाही.

भरावसम्राट

आणि गाडीत मांडीवर घेऊन बस.